दारात येणाऱ्या ताई, खुर्चीतले साहेब : गेवराईतून पाहिलेला अर्थसल्ल्याचा इतिहास



आजचा विषय आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे, पण त्याचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. घरात चार पैसे शिल्लक राहिले तर ते कुठे ठेवायचे, हे आपण कुणाला विचारतो? आणि ज्याला विचारतो तो बहुतेक वेळा पुरुषच का असतो?

या प्रश्नाचा इतिहास मुंबईच्या दलाल स्ट्रीटपासून सांगता येतो. आपण मात्र गेवराईपासून सुरू करू. गोदावरीच्या दक्षिण काठावरचा, बीड जिल्ह्यातला हा तालुका. इतिहासाच्या पुस्तकात तो 1763 च्या राक्षसभुवनच्या लढाईपुरता येतो. सोलापूर-धुळे महामार्ग तालुक्यातून जातो, कापसाचा व्यापार आहे, गढीला साखर कारखाना आहे, आणि दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणारी हजारो कुटुंबंही आहेत. पैसा इथे येतो, फिरतो आणि बुडतोही. म्हणजे सल्ल्याची गरज सगळ्यांत जास्त जिथे असते, तसलं हे ठिकाण.

सावकारीण म्हणजे कोण?

सुरुवात भाषेपासून करू. आपल्या मराठीत पाटलाची पाटलीण होते, मास्तरांची मास्तरीण होते, सावकाराची सावकारीण होते. पण सावकारीण म्हणजे सावकारी करणारी बाई असं आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. सावकाराची बायको एवढाच अर्थ येतो. मुनीम, आडत्या यांना तर स्त्रीलिंगी रूपच नाही. शब्द उगीच घडत नाहीत. पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या बाईची कल्पनाच भाषेला करावी लागली नाही, कारण दुकानाच्या गादीवर ती बसलेली दिसत नव्हती.

घरात मात्र ती हिशोब ठेवत होती. ज्वारीच्या कणगीत किती महिन्यांचं धान्य आहे, कुठला दागिना मोडला तर बियाणं येईल, कुणाच्या लग्नात किती आहेर द्यायचा, हे सगळं तिच्या डोक्यात. पुढे भिशी आली. दहा-बारा जणींनी दरमहा ठरलेली रक्कम काढायची, चिठ्ठी निघेल तिने उचलायची, आणि कुणाच्या घरी अडचण असेल तर तिला आधी द्यायची. जोखीम, व्याज, पत, वसुली, सगळं त्यात आलं. फक्त त्याला कुणी अर्थव्यवहार म्हटलं नाही.

बाहेरचा अर्थव्यवहार कुणाकडे होता? बीड जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. चलन हाली सिक्का, टपाल खातंही निजामाचं स्वतःचं. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने 1951-52 मध्ये देशभर ग्रामीण कर्जाची मोठी पाहणी केली, तिचा अहवाल 1954 मध्ये आला. शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा 3.1 टक्के आणि व्यापारी बँकांचा 0.9 टक्के निघाला. जवळजवळ 70 टक्के कर्ज सावकारांचं होतं.

आता यातून आपल्या विषयाला काय मिळतं ते बघा. शेतकऱ्याला पैशाबद्दल सल्ला देणारा माणूस आणि त्याला कर्ज देणारा माणूस एकच होता. मोंढ्यातला आडत्या उचल द्यायचा, माल घ्यायचा, भाव सांगायचा आणि शिल्लक त्याच्याच चोपडीत राहायची. सल्लागाराचा स्वतःचा स्वार्थ सल्ल्यात मिसळलेला असतो, ही आज आपण कमिशनबद्दल करतो ती तक्रार मोंढ्याइतकी जुनी आहे. आणि या दोघांच्या बोलण्यात बाई नव्हती. सातबाऱ्यावर तिचं नाव नसेल तर तिच्या नावावर कर्ज नाही. कर्ज नाही तर खातं नाही, आणि खातं नाही त्या माणसाला सल्ला कोण देतो? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशभर तो 2005 मध्ये आला. कागदावरचा हक्कसुद्धा इतका अलीकडचा आहे.

1972 : एकाच वर्षातल्या दोन नोंदी

मराठवाड्यात 1972 म्हटलं की दुष्काळ. वेगळं काही सांगावं लागत नाही. खडी फोडायला, तलावांच्या कामाला माणसं गेली आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा 1977 मध्ये झाला. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे हजेरीपट. त्या मस्टरवर बाईचं नाव स्वतंत्र लिहिलं गेलं. तिची हजेरी वेगळी, तिची मजुरी वेगळी.

याच्या शेजारी ऊसतोडीचा हिशोब ठेवून बघा. तिथे मोजायचं माप ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर मिळते आणि मुकादम ती नवऱ्याच्या हातात देतो. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, पण तिची अर्धी मजुरी किती, हा आकडा कुठल्याच वहीत येत नाही. काम चुकलं तर ‘खाडा’ धरला जातो, आणि तो मात्र तिच्यामुळे पडला हे सगळ्यांना माहीत असतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं काढली जात असल्याच्या प्रकरणात 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तो प्रश्न आरोग्याचा आहेच. पण शस्त्रक्रियेचा खर्च, त्यासाठीची उचल आणि बुडणारे दिवस पाहिले तर तो एक आर्थिक निर्णयही होता. त्या निर्णयात तिच्या बाजूने हिशोब मांडणारं कोण होतं?

आता 1972 ची दुसरी नोंद. त्याच वर्षी केंद्र सरकारने महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू केली. पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे, म्हणजे आरडीचे, हप्ते घरोघरी जाऊन गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे. हे काम फक्त स्त्रिया किंवा महिला मंडळंच करू शकत होती. कमिशन 4 टक्के.

जगात तेव्हा काय चाललं होतं? न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पहिली स्त्री सदस्य, म्युरिअल सीबर्ट, 1967 च्या डिसेंबरात आली. लंडनच्या शेअर बाजाराने स्त्रियांना सदस्यत्व दिलं ते 1973 मध्ये. म्हणजे लंडनच्या बाजारात बाईला पाऊल टाकायला बंदी होती, त्या काळात आपल्याकडे एक अख्खी बचत योजना स्त्रियांकडे सोपवली गेली. ही मोठी गोष्ट होती, ती कमी लेखायचं कारण नाही. या कामाने तालुक्यातालुक्यांत बायका चपला झिजवत, हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन घराबाहेर पडल्या. शिक्षकांच्या वसाहती, दुकानदार, दवाखान्यातल्या नर्सबाई यांच्याकडून महिन्याच्या महिन्याला पैसे घेऊन पोस्टाच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. अनेक ठिकाणी परवाना बायकोच्या नावावर आणि फिरणारा नवरा, असंही झालं. सरपंचपतीच्या आधी एजंटपती होता. पण जिथे बाई स्वतः फिरली, तिथे गावाने तिच्या हातात पैसे दिले. तिच्यावर विश्वास ठेवला.

चार टक्क्यांचं गणित

मग अडलं कुठे? ते कमिशनच्या रचनेत अडलं. हे गणित जरा सावकाश करू.

समजा, एका ताईंकडे 100 खाती आहेत आणि प्रत्येकाचा महिन्याचा हप्ता 500 रुपये. महिन्याला 50,000 रुपये जमा होतात. 4 टक्क्यांनी 2,000 रुपये महिना, वर्षाचे 24,000. पुढच्या वर्षीही 24,000. दहाव्या वर्षीही, खाती तेवढीच असतील तर, 24,000. कारण कमिशन मिळतं ते त्या महिन्यात गोळा केलेल्या पैशावर. आधी गोळा केलेल्या पैशावर काही नाही. पाच वर्षांनी आरडी पुरी झाली की ग्राहक रक्कम काढून घेतो आणि ताई पुन्हा पहिल्या हप्त्यापासून चालायला लागतात.

आता तेवढेच ग्राहक म्युच्युअल फंडाच्या वितरकाकडे आहेत असं धरा. तोही महिन्याला 50,000 आणतो. त्याला कमिशन मिळतं साठलेल्या एकूण रकमेवर, दरवर्षी. त्याला ट्रेल कमिशन म्हणतात. दर 1 टक्का धरू. पहिल्या वर्षी ते अगदी थोडं असतं, ताईंच्या 24,000 च्या जवळपासही नाही. पण पैसे काढले गेले नाहीत तर पाच वर्षांत 30 लाख साठतात, वर्षाला 30,000. दहा वर्षांत 60 लाख, वर्षाला 60,000. यात गुंतवणुकीची वाढ धरलेलीच नाही, आणि बाजार पडला तर आकडा कमीही होईल. मुद्दा एवढाच की एकाच्या कामाचा साठा होतो आणि दुसरीच्या कामाची फक्त रोजंदारी होते. वीस वर्षं झाली, गुडघे दुखायला लागले, फिरणं थांबलं, की ताईंचं उत्पन्न थांबलं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

हे कुणी कट करून केलं असं आपण म्हणत नाही. दोन योजना दोन काळांत, दोन हेतूंनी झाल्या. पण एकीत स्त्रिया भरल्या गेल्या आणि दुसरीत पुरुष, आणि उत्पन्नातली दरी त्यातून आपोआप पडली. 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या उपगव्हर्नर श्यामला गोपीनाथ यांच्या समितीने अल्पबचत योजनांचा आढावा घेतला. हे 4 टक्के टप्प्याटप्प्याने 1 टक्क्यावर आणावेत, असं समितीने सुचवलं. सरकारने बाकीच्या एजंटांचं कमिशन कमी केलं किंवा बंद केलं, या योजनेचे 4 टक्के मात्र ठेवले. समितीचा युक्तिवाद खर्चाचा होता आणि त्यात तथ्यही होतं. पण त्या चर्चेत एजंटबाई हा सरकारी खर्चाचा एक आकडा होती. तिच्या अनुभवातून पुढे सल्लागार घडवता येईल का, हा प्रश्न कमिशनच्या वादात हरवला.

2012 मध्ये सेबीने पोस्टाच्या एजंटांसारख्या लोकांना सोपी परीक्षा देऊन साधे म्युच्युअल फंड विकण्याची वाट उघडली. वाट उघडणं आणि त्या वाटेवर कुणी हात धरून नेणं यात फरक असतो. परीक्षा, संगणक, फॉर्म, आणि ‘हे पोस्टासारखं नाही, यात पैसे कमी पण होऊ शकतात’ हे ओळखीच्या माणसाला तोंडावर सांगायची जबाबदारी. हे शिकवल्याशिवाय येत नाही.

नोकरीच्या दारातले प्रश्न

ज्या मुली शिकून बँकेत, विम्यात नोकरीला गेल्या, त्यांचं काय झालं? 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या खटल्याचा निकाल दिला. नोकरीच्या वेळी भरायच्या कागदात स्त्रियांना मासिक पाळीची तारीख, गर्भधारणांची संख्या असले प्रश्न होते. गरोदरपण लपवलं म्हणून तिला परिविक्षेच्या काळात काढून टाकलं गेलं. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि ते रकाने काढायला सांगितले. हे 1991 चं झालं. आता जानेवारी 2022. गर्भधारणेला तीन महिन्यांहून जास्त काळ झालेल्या उमेदवार ‘तात्पुरत्या अपात्र’ धरायच्या, असं परिपत्रक स्टेट बँकेने काढल्याचं बाहेर आलं, गदारोळ झाला आणि ते मागे घेतलं गेलं. दोन्हींच्या मध्ये 31 वर्षं आहेत.

याच काळात वरच्या खुर्च्यांवर स्त्रिया पोचल्याही. उषा थोरात 2005 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या उपगव्हर्नर झाल्या, अरुंधती भट्टाचार्य 2013 मध्ये स्टेट बँकेच्या अध्यक्ष झाल्या, माधबी पुरी बुच 2022 मध्ये सेबीच्या. मग कुणी म्हणेल, आता अडचण काय आहे? अडचण मधल्या पायऱ्यांची आहे. सगळ्यांत खाली हप्ते गोळा करणाऱ्या बायका आहेत, सगळ्यांत वर थोड्या स्त्रिया आहेत. गेवराईसारख्या तालुक्याच्या गावात टेबलामागे बसून ‘तुमचं उत्पन्न इतकं, मुलीचं शिक्षण इतक्या वर्षांनी, मग असं करा’ म्हणणारी बाई शोधायला जा. ती विरळा.

आपली बोलण्याची सवयही हेच सांगते. बँकेतले साहेब, विमावाले साहेब, आणि आरडीच्या ताई. ताईमध्ये माया आहे, पण साहेबाला आपण फी देतो आणि ताईला चहा.

म्हसवडच्या बायकांनी काय दाखवलं

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याच राज्यातली आहे. सातारा जिल्ह्यात म्हसवड, गेवराईसारखंच दुष्काळी. तिथल्या बायकांनी चेतना गाला-सिन्हा यांच्याबरोबर बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद बायका निरक्षर होत्या. त्या रात्रीच्या वर्गात बसल्या, आणि पुन्हा गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांनाच सांगितलं, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. कणगीचा आणि भिशीचा तोच हिशोब, फक्त आता त्याला परवाना मिळाला होता.

सरकारनेही स्त्रियांची बँक काढून पाहिली. भारतीय महिला बँक नोव्हेंबर 2013 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत विलीन झाली. योगायोग असा की त्याच दिवशी आपल्या मराठवाड्याची ओळखीची स्टेट बँक ऑफ हैदराबादही विलीन झाली. गेवराईकराला दुसरी गेल्याची चुटपुट लागली असेल. पहिली आली होती हेच इथे कितीजणांना कळलं?

टिकलं ते बचत गटांचं काम. नाबार्डने 1992 मध्ये गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला. 1975 मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ आणि 2011 नंतरचं ‘उमेद’ अभियान यांनी ते गावोगाव नेलं. त्यातून बँक सखी तयार झाली. डिसेंबर 2024 मध्ये आयुर्विमा महामंडळाची विमा सखी आली : दहावी पास स्त्रीला पहिल्या वर्षी महिना 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000, तिसऱ्या वर्षी 5,000 रुपये विद्यावेतन.

इथेही तोच जुना प्रश्न विचारायला हवा. सखी गोळा करणार, विकणार, की सल्ला देणार? कारण ‘सल्लागार’ हा शब्द आता कायद्याने राखीव झाला आहे. सेबीने 2013 मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम केले. 2020 मध्ये ते कडक केले : पदव्युत्तर शिक्षण, पाच वर्षांचा अनुभव, पाच लाखांची निव्वळ मालमत्ता. नोंदणी नसलेल्या वितरकाला स्वतःला स्वतंत्र आर्थिक सल्लागार म्हणवून घ्यायलाही मनाई झाली. फसवणूक रोखायला अशा नियमांची गरज होती. पण पाच वर्षांचा अनुभव कुठला? वीस वर्षं दारोदार फिरल्याचा नव्हे. पाच लाखांची मालमत्ता कुणाच्या नावावर असते, हे आपण मघाशी पाहिलं. 2024 च्या डिसेंबरात सेबीने पदवी पुरेशी केली आणि अनुभवाची अट काढली. दार थोडं रुंद झालं.

चुकीची किंमत

शेवटचा मुद्दा चुकांचा. एगन, मात्वोस आणि सेरू या तीन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या आर्थिक सल्लागारांच्या नोंदी तपासल्या. गैरवर्तनाची नोंद झाल्यावर नोकरी जाण्याची शक्यता स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा 20 टक्क्यांनी जास्त निघाली, आणि नवी नोकरी मिळण्याची शक्यता 30 टक्क्यांनी कमी. पुरुष चुकला तर ‘बाजार पडला’, बाई चुकली तर ‘बायकांना कळत नाही’.

बीड जिल्ह्याला हे समजायला अमेरिकेत जावं लागत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत इथल्या मल्टीस्टेट पतसंस्थांमध्ये लोकांच्या ठेवी अडकल्या. लग्नासाठी, औषधासाठी ठेवलेला पैसा होता तो. जादा व्याजाचं आमिष कुणी दाखवलं, पाटीवर कुणाची नावं होती, हे जिल्ह्याला माहीत आहे. पण अशा वेळी पहिला राग निघतो तो दारात येणाऱ्या ओळखीच्या माणसावर. आणि ‘इतकं जास्त व्याज कसं परवडतं?’ हा साधा प्रश्न ठेवीदाराच्या बाजूने आधी विचारणारं माणूस गावात हवं होतं.

म्हणून हा प्रश्न फक्त बायकांच्या नोकऱ्यांचा नाही. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. बचत गटाचं कर्ज तिच्या सहीने निघतं. पैसा तिच्या नावावर आला, सल्ला मात्र अजून मोंढ्यातून, मुकादमाकडून, नाहीतर व्याजाचे आकडे रंगवलेल्या पाटीवरून येतो. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारी, खाडा म्हणजे काय आणि माहेरच्या आहेराला किती लागतात हे जाणणारी सल्लागार तयार करायची, तर ती कुठून येईल? ती आधीच गावात आहे. पोस्टाच्या खिडकीशी उभी आहे, गटाची वही लिहिते आहे. तिला शिक्षण, परीक्षेची तयारी आणि साठत जाणारं उत्पन्न, या तीन गोष्टी मिळाल्या की ताईंची सल्लागार व्हायला फार अंतर उरत नाही.

इतिहास आपल्याला एवढंच सांगतो की गोळा करणं बाईचं आणि सांगणं पुरुषाचं, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. ती सातबाऱ्याने केली, कोयत्याच्या हिशोबाने केली, कमिशनच्या तक्त्याने आणि नोकरीच्या अर्जातल्या रकान्यांनी केली. 1972 च्या मस्टरवर बाईचं नाव वेगळं लिहिलं गेलं, तेव्हा तिची मजुरी पहिल्यांदा दिसली. माणसांनी आखलेले रकाने माणसांना बदलता येतात, हे त्या मस्टरनेच दाखवलं आहे.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि आपापल्या गावातल्या आरडीच्या ताईंचे अनुभवही सांगा. ते कुठल्याच अहवालात नाहीत.